धवला अर्ध्यावर सोडत नाहीत

कासू स्टेशनावरून खाडीकडे जी गावं लागतात, तिथं लग्न ठरलं की पहिली सुपारी कुलदैवताला आणि दुसरी हासूबाईला. भटजी, मंडपवाला, बेंजोवाले ही मंडळी सगळी नंतरची. भटजी अक्षता टाकायला दुसऱ्या दिवशी येतो. पण त्याच्या आधी, हळदीच्या दिवशी, देवांना मांडवात बोलावून आणायचं काम धवलारणीचं. धवलारीण म्हणजे धवला गाणारी बाई. पोथी नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. नुसत्या गळ्यावर ती एकेका देवाचं नाव घेऊन हाक मारते, मागं बसलेल्या बाया तिची ओळ झेलतात, आणि देव एकामागून एक येऊन मांडवात बसतात.

हासूबाईला हे सासूकडून आलं. सासूसुना दोघी मिठागरावर कामाला होत्या. उन्हात पायाला भेगा पडलेल्या, डोळ्यांत पांढरा चकचकाट, आणि सासू मीठ ओढता ओढता ओळ म्हणायची, सून मागून म्हणायची. देवांची नावं तोंडी बसायला कितीतरी उन्हाळे गेले. त्याबरोबर सासूनं दोन नेम दिले. एक, तोंड राखायचं. ज्या दिवशी धवला असेल त्या दिवशी सकाळपासून धवला संपेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. "ज्या तोंडात देव यायचा त्या तोंडात त्याच्या आधी घास जायचा नाय." आणि दुसरा नेम, धवला अर्ध्यावर सोडायचा नाही. "देवाला बोलावलंस नि पाट दिला नायस, तर तो उभाच रेल. उभा राहिलेला देव घराला भारी."

हासूबाईनं हे दोन्ही नेम जन्मभर पाळले. त्यात तिची कमाल अशी काही नव्हती. तिला ते श्वास घेण्यासारखंच वाटायचं.

त्या वेळची हासूबाई काटकुळी होती. दिवसभर ओझी वाहायची, दोन भाकऱ्या आणि खाडीचं काहीतरी कालवण खायची, आणि पडली की झोपायची. मग मिठागरं एकेक करून बंद पडली. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं ते शिरलंच. मुलगा धनेश रोह्याकडे कंपनीत शिफ्टला लागला, घरात पैसा आला, आणि हासूबाई नि तिचा नवरा काळुराम ओटीवर बसायला लागले. काम सुटलं, खाणं सुटलं नाही. सकाळ-संध्याकाळ गोडमिट्ट चहा, तिन्ही वेळा भात. आणि लग्नसराईत तर विचारूच नका. दिवसभर कोरड्या तोंडानं गायलेल्या धवलारणीला संध्याकाळी मानाचं ताट मिळतं. मटण, वडे, वर जिलेबी, आणि गळा बसू नये म्हणून थंड्याची बाटली. "घे गो हासूबाय, सकाळपासून उपाशी हायस," म्हणून बाया वाढत राहायच्या. आज या गावात, उद्या त्या गावात. दिवसभर काही नाही आणि रात्री दोन माणसांचं जेवण, असं तिच्या शरीरानं वर्षानुवर्षं सोसलं.

पोट सुटलं, पाय सुजायला लागले. बाया कौतुकानं म्हणायच्या, "अंगानं सुधारलीस गो!" पुढं सरकारी दवाखान्यात साखर निघाली, मग बीपी निघालं. साखरेची गोळी जेवणावर घ्यायची होती. धवल्याच्या दिवशी जेवण नाही, तेव्हा गोळीही नाही. तिच्या मनाला त्यात काही गैर वाटलं नाही.

मग छातीत फडफड सुरू झाली. खाडीच्या चिखलात निवटी नावाचे लहानसे मासे असतात. पकडून टोपलीत टाकले तरी उड्या मारत राहतात. तसंच काहीतरी बरगडीच्या आत उडायचं, थांबायचं, पुन्हा उडायचं. एकदा तिनं काळुरामला सांगितलं, "छातीत निवटी उडते माझ्या."

"मना कधी जागा दिली नायस, नि निवटीला दिलीस?" काळुराम म्हणाला.

ती हसली, आणि तो विषय तिथंच राहिला.

गणपती झाल्यावर गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. सून सुरभी तिला ओढूनच घेऊन गेली. सुरभी बोलण्यात कमी, कामात वाघ. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या मागं बसून धवला झेलत होती, पण पुढची ओळ आपण होऊन म्हणायची तिची कधी हिंमत झाली नाही. शाळेत एक तरुण डॉक्टरीण रोह्याहून आली होती. तिनं मोबाईलएवढं एक यंत्र पुढं केलं.

"आजी, दोन्ही अंगठे इथे ठेवा. आणि जरा वेळ बोलू नका."

"बोलू नको तर काय करू? माझं सगळं तोंडावरच हाय."

डॉक्टरीण हसली, पण यंत्राकडे बघता बघता तिचं हसू ओसरलं. तिनं हासूबाईचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग विचारलं, "छातीत धडधडतं का?"

"निवटी उडते कधी कधी."

डॉक्टरीण घाटावरची. तिला निवटी ठाऊक नव्हती. सुरभीनं बोटं नाचवून दाखवली, तेव्हा तिला कळलं.

"बरोबर सांगितलंत," ती म्हणाली. "तुमच्या हृदयाचा ताल सुटलाय. असं बघा आजी, साखर म्हणजे रक्ताचा आजार, बीपी म्हणजे नसांचा, आणि पोट सुटलंय ते वयामुळे, असं आपण वेगवेगळं धरतो. पण ही सगळी एकाच घरातली भावंडं. वर्षानुवर्षं मिळून ती हृदयाला छळतात. हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, घट्ट होतो, आणि मग नीट दाबला न जाता नुसता थरथरतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं."

"साचल्या पाण्याचं मीठ धरतं," हासूबाई म्हणाली.

"तसंच समजा. इथं रक्ताचा खडा धरतो. तो सुटून डोक्यात गेला तर हात-पाय जातात, वाचा जाते."

सुरभीनं विचारलं, "पण म्याडम, हे शहरातल्या लोकांचं ना? बसून खाणाऱ्यांचं?"

"सगळे असंच म्हणतात. म्हणून गावात कुणी नाडी धरून बघतच नाही." मग ती हासूबाईकडे वळली. "मी गोळ्या देते. त्यातली एक रक्त पातळ ठेवायची आहे, सकाळ-संध्याकाळ. ती एकदाही चुकवायची नाही. जेवण झालं नसलं तरी ती घ्यायची. आणि उपाशी राहायचं नाही. उपास करता का?"

"नाय बा," हासूबाई म्हणाली. "आम्ही मासे खाणारी माणसं. मी चतुर्थीपण नाय धरत."

ती खोटं बोलली नाही. उपास म्हणजे एकादशी, सोमवार, साबुदाणा. धवल्याच्या दिवशी तोंड राखणं हा काही उपास नव्हे. ते धवल्याचंच काम. सुरभीलासुद्धा तेव्हा त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. ती शेजारीच बसली होती. डॉक्टरणीनं विचारायचं ते विचारलं, हिनं खरं वाटलं ते सांगितलं, आणि मधली गोष्ट मधेच राहून गेली.

रोह्याला जाऊन छातीची ईसीजीची पट्टी काढून झाली, गोळ्या सुरू झाल्या. हासूबाईनं त्या नेमानं घेतल्या. सुरभी चहात साखर घालेना, भात मोजून वाढायला लागली. काळुराम कुरकुरला, "आजारी ती, नि तोंड माझं कडू." पण निवटी शांत झाली. जिना चढताना धाप कमी झाली. देवाची कृपा, असं म्हणून हासूबाईनं देव्हाऱ्यापुढं हात जोडले.

मग तुळशीचं लग्न झालं आणि सराई लागली.

पहिल्या हळदीला तिनं गोळी हातात घेतली. पाण्याचा पेला भरलेला होता. तिनं पेला तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. पाणी कसं घ्यायचं? संध्याकाळी घेईन म्हणाली, पण संध्याकाळी अंग इतकं गळून जायचं की जेवली तशी आडवी झाली. कधी संध्याकाळची घेतली, कधी तीही राहिली. निवटी उडत नव्हतीच, त्यामुळं तिला वाटलं, औषधानं आपलं काम केलंय. आता एखादी इकडंतिकडं झाली म्हणून काय होतंय?

सुरभीच्या ते लक्षात आलं तेव्हा माघ निघून गेला होता.

"आई, अशी गोळी चुकवू नका. म्याडमनी किती बजावलंय."

"धवल्याच्या दिवशी फक्त."

"धवला काय एक दिवस हाय? परवा कासूला, काल पांडापूरला, आज इथं. आणि देवाला औषध चालत नाय असं कुठं लिवलंय?"

"कुठंच लिवलेलं नाय गो," हासूबाई म्हणाली. "म्हणून तर पाळायला लागतं."

सासूशी वाद घालायची सुरभीला सवय नव्हती. धनेशला सांगितलं, तर तो रात्रपाळी करून आलेला. "तू बघ ना जरा," म्हणून कूस बदलून झोपला.

वैशाखात घरचंच लग्न होतं. धनेश-सुरभीची एकुलती एक मुलगी किमया. पेणला शिकून तिथंच एका ऑफिसात लागलेली. नवरामुलगा वरसे गावचा. त्यांच्याकडे नवी बिल्डिंग, गच्चीवर हळद, सगळा थाट डीजेचा. किमयाला आजीचा फार लळा. ती म्हणाली, "आजी, तू नुसती खुर्चीत बस. धवला मोबाईलवर लावू. आता मिळतो."

"मोबाईल हाक मारंल. देव आल्यावर पाट कोण देल, चार्जर?"

किमया हसून हसून लोळली. पण हासूबाईला हसू आलं नाही. गेल्या काही सालांत धवल्याचे भाग लोक कापायला लागले होते. "आजी, आटपा जरा, डीजेवाला तासावर हाय," असं मांडवातून ऐकू यायचं. अख्खा धवला, पहिल्या देवापासून शेवटच्या देवापर्यंत, तिनं कितीतरी वर्षांत गायला नव्हता. नातीच्या मांडवात तो अख्खा गायचा, एकही देव बाहेर ठेवायचा नाही, एवढीच तिची इच्छा होती. त्यानंतर गळा बसला तरी बसू दे, असं ती देवाला म्हणायची. असं म्हणू नये. पण माणूस म्हणून जातो.

हळदीचा दिवस उजाडला तो वाफाळतच. वारा नाही. मांडवाच्या कापडाखाली भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. आदल्या तीन दिवसांत भावकीतल्या दोन हळदी झाल्या होत्या, म्हणजे हासूबाईचं तोंड लागोपाठ राखलेलं. सकाळी सुरभी गोळी नि पेला घेऊन आली. पाहुणे बघत होते. हासूबाईनं मान हलवली. सुरभी तशीच उभी राहिली आणि मग पेला घेऊन परत गेली. बाहेर व्याही आले होते, आत तांदूळ कमी पडले होते, सगळीकडून तिलाच हाका मारत होते.

धवला सुरू झाला. गळा असा लागला की बाहेर पत्ते खेळणारे पुरुषसुद्धा गप्प झाले. गावदेवी आली, मारुती आला, शंकर आला, डोंगरावरची आई आली. एकेकाला पाट मिळाला. किमया पिवळ्या लुगड्यात पाटावर बसली होती, तिचे डोळे आजीवरून हलत नव्हते. निवटी केव्हाची उडायला लागली होती. हासूबाईनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढचा देव, त्याच्या पुढचा देव.

खाडीच्या देवाची ओळ आली आणि धवल्यासाठी हातात धरलेली आंब्याची डहाळी खाली पडली. तिला वाटलं, घामानं निसटली. उचलायला गेली तर उजवा हात गेलाच नाही. तिनं ओळ म्हटली. तिच्या डोक्यात ओळ स्वच्छ होती, सासूच्या आवाजात होती, पण तोंडातून निघालं ते काहीतरी भलतंच, पाण्यात बोलल्यासारखं. मागच्या बाया क्षणभर घुटमळल्या.

"नातीचं लगीन गो, गळा भरून आला," एक म्हणाली, आणि सगळ्यांचे डोळे पाणावले.

सुरभी मागच्या रांगेत होती. ती अर्धवट उठली. तिला सासूच्या ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसला. हे भरून आलेल्या माणसाचं तोंड नव्हे, हे तिला कळलं. शाळेत डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं तिला एका झटक्यात आठवलं. पण समोर तिचीच मुलगी हळदीला बसली होती, देव बोलावून झाले होते, निम्मे बसले होते आणि निम्मे दारात होते. आणि हासूबाईनंच डाव्या हातानं खूण केली, चालू ठेवा.

सुरभी खाली बसली.

ज्यांना ज्या ओळी येत होत्या त्या बायांनी ओढल्या. मधे मधे हासूबाई नुसती घुमत राहिली. सूर होता, शब्द नव्हते. धवला जसातसा तडीला गेला, शेवटचा नारळ वाढवला गेला, आणि मग ती उजव्या बाजूला कलंडली. तोवर दुपार टळून गेली होती.

गाडीत घालून पेणला नेलं, तिथून पनवेलला. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कधी झालं?" धनेश म्हणाला, "आत्ताच पडली." सुरभी म्हणाली, "नाय. खाडीच्या देवाला झालं." डॉक्टरांना कळेना. मग तिनं रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. खडा विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळ निघून गेली, एवढंच ते म्हणाले.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. मोडून उपयोग नव्हता. काळुराम अक्षता टाकून आला आणि हॉस्पिटलच्या पायरीवर बसून राहिला.

हासूबाई घरी आली ती खाटेवर. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. पाय ओढत दारापर्यंत जाता यायचं. वाचा मात्र आली नाही. "हाय" एवढा एकच शब्द राहिला. भूक लागली तरी हाय, नको असलं तरी हाय, किमया माहेरपणाला येऊन गळ्यात पडली तरी हाय. आत सगळं होतं. सगळे देव ओळीनं आपापल्या नावानिशी उभे होते. तोंडापर्यंत यायचे आणि वळून परत जायचे.

गोळ्या आता सुरभी स्वतःच्या हातानं भरवायची. एकही चुकत नव्हती. मनगट धरून नाडी बघायलाही ती शिकली होती. एके दिवशी तशीच मनगट धरून ती म्हणाली, "आई, मी उठले व्हते तेव्हा. तुम्ही खूण केलीत म्हणून बसले. मी नसते बसले तर?"

हासूबाईला सांगायचं होतं की खूण मी केली, तुझा दोष नाही. आणि हेही सांगायचं होतं की का उठली नाहीस गो? दोन्ही खरं होतं. तोंडातून निघालं, "हाय."

सुरभीनं त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे. ती मनगट सोडून आत निघून गेली.

पुढच्या सराईत गावातलीच एक हळद निघाली. पोरीची आई सुपारी घेऊन आली, आणि खाटेकडे न बघता सुरभीपुढं ठेवली. "तुला येईल तेवढा म्हण गो. अगदीच मुका मांडव नको."

"मना निम्माच येतो," सुरभी म्हणाली.

"निम्मे देव तरी येतील."

हळदीच्या दिवशी सुरभी लुगडं नेसून, पदर खोचून निघाली. तोंड राखलेलंच होतं. सासूच्या पाया पडायला ती वाकली, तेव्हा हासूबाईनं डावा हात लांब करून आपल्या ताटातली भाकरी मोडली, आणि तो तुकडा सुरभीच्या ओठांना लावला.

"आई, आज धवला हाय," सुरभी म्हणाली. तिला वाटलं, सासू विसरली.

"हाय," हासूबाई म्हणाली. हात खाली घेतला नाही. दारात निघालेल्या बाया थबकून बघायला लागल्या, तरी घेतला नाही. शेवटी सुरभीनं तोंड उघडलं. भाकरी चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि गेली. एक म्हातारी जाता जाता बोललीच, "संपला म्हणा धवला आता."

मांडवाला लाऊडस्पीकर होता. खाटेवर सगळं ऐकू येत होतं. सुरभीचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग लागला. गावदेवी आली, मारुती आला. मग एका ठिकाणी ती अडखळली, दोन नावं ओलांडून पुढं गेली. तिथं कुणाला कळलं नसेल. आणखी थोडं पुढं जाऊन तिनं एकदम शेवटचीच ओळ धरली. मधले सगळे दारात उभेच राहिले.

हासूबाईनं डाव्या हातानं खाटेची कड बडवायला सुरुवात केली. तोंडातून हाय, हाय, हाय असा घोष निघत होता, आणि प्रत्येक हाय म्हणजे एकेक नाव होतं.

काळुराम ओटीवरून घाईघाईनं आत आला. "काय गो, काय झालं? पाणी हवंय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पेला भरला, तिच्या मानेखाली हात घालून ओठांना लावला. ती पाणी प्याली. मांडवात डीजे सुरू झाला होता.